हवामान शिकायचंय? मग मेजर कोणतं घेऊ?

ढग, वारा, पाऊस यांच्यात करिअर करायचं, तर बी.एस्सी.ला कोणता विषय निवडायचा? एका मावसभावाच्या मेसेजमुळे सुरू झालेली ही शोधाशोध.

‘ताई, मेजर काय घेऊ? सोमवारपर्यंत सांगायचंय.’

गुरुवारी रात्री साडेअकराला मावसभावाचा मेसेज आला. तो वाईजवळच्या एका गावात राहतो आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. फिजिक्स, मॅथ्स आणि जिऑग्राफी असे त्याचे तीन विषय. आता दुसऱ्या वर्षाला जाताना त्यातला एक मेजर करायचा, एक मायनर आणि एकाला टाटा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा प्रश्न सध्या बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. पण याच्या केसमध्ये एक गोम होती. त्याला जायचंय हवामानशास्त्रात, आणि त्या नावाचा विषयच त्याच्या कॉलेजात नाही.

हे खूळ डोक्यात शिरलं ते हळदीमुळे. गेल्या वर्षी मार्चमध्ये, त्याचे बारावीचे पेपर चालू असताना, काकांनी हळद शिजवून वाळायला पसरली होती. शिजवलेल्या हळदीला दहा-पंधरा दिवस कडक ऊन लागतं. मोबाइलवर अंदाज होता : जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलका पाऊस. संध्याकाळी अर्धा तास वळीव कोसळला. ताडपत्र्या काढेपर्यंत अर्धी हळद भिजली, डागाळली आणि भाव पडला. दोन किलोमीटरवरच्या गावात मात्र थेंबही नव्हता.

तेव्हा त्याने मला विचारलं होतं, ‘तुरळक म्हणजे नक्की कुठे? आमचं खळं की शेजारचं?’

मी नंतर शोधलं. हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस. म्हणजे अंदाज चुकला नव्हता. पण ही पंचवीस टक्क्यांची गोष्ट खळ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या काय कामाची? ‘मग हे खळ्यापर्यंत कोण आणणार?’ असं तो म्हणाला आणि तिथून त्याचं ठरलं.

जितकी तोंडं, तितकी मेजर

शुक्रवारी त्याच्याशी फोनवर बोलले तेव्हा सल्ल्यांची यादी तयारच होती. ‘हवामान म्हणजे भूगोलच की, जिऑग्राफी घे,’ असं शेजारचे म्हणाले. एका मित्राने एन्व्हायर्नमेंटल सायन्स सुचवलं, कारण ‘क्लायमेट चेंजला आता स्कोप आहे’. काकांचं म्हणणं, बी.एस्सी. ॲग्रीच का नाही घेतलं? आणि त्याला स्वतःला जिऑग्राफीच घ्यावंसं वाटत होतं. खरं कारण त्याने जरा वेळाने सांगितलं. पहिल्या सेमिस्टरला मॅथ्समध्ये 50 पैकी 23 पडले होते.

‘मॅथ्स सोडून हवामान नाही का करता येणार?’

या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात शोधावं लागलं नाही. ते मी स्वतःच आहे.

जाहिरातीतली ती ओळ

अकरावीला मी पीसीबी घेतलं. दहावीला मॅथ्सने रडवलं होतं, त्यामुळे ते सोडता येतंय याचाच आनंद जास्त होता. पुढे मेडिकल झालं नाही, मास कॉम केलं, आता इथे इंटर्नशिप करतेय. पहिल्या महिन्यात माझ्याकडे रोजची हवामानाची चौकट आली. किमान, कमाल, पाऊस. आधी कंटाळले आणि मग चक्क आवडायला लागलं. कमी दाबाचा पट्टा, पश्चिमी विक्षोभ, उपग्रहाची चित्रं. वाटलं, अरे, हे शिकायला हवं होतं.

म्हणून एकदा भारतीय हवामान विभागातल्या सायंटिफिक असिस्टंट पदाची 2022 ची जाहिरात उघडली. पदवीच्या अटी बऱ्यापैकी मोकळ्या होत्या. फिजिक्स हा एक विषय असलेली बी.एस्सी. चालेल, कम्प्युटर सायन्स किंवा आयटीची पदवी चालेल, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा इंजिनीअरिंग डिप्लोमाही चालेल. पण सगळ्यांना एक अट सारखी होती : बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेत.

म्हणजे माझ्यासाठी ते दार वयाच्या सोळाव्या वर्षीच बंद झालं होतं, आणि मला त्याचा आवाजही आला नव्हता. अकरावीच्या फॉर्मवर ‘हा विषय सोडलास तर पुढे काय काय सुटेल’ असं कुणी लिहून ठेवत नाही.

हवाई दलाच्या हवामान शाखेच्या पूर्वीच्या जाहिराती याहून मजेशीर आहेत. पदव्युत्तर पदवी फिजिक्सपासून जिऑग्राफीपर्यंत कशातलीही चालायची. पण पदवीला मॅथ्स आणि फिजिक्स शिकलेले असणं आणि त्यांत 55 टक्के असणं सक्तीचं. मेजरच्या नावापेक्षा ही जोडी किती महत्त्वाची आहे, ते यातून कळतं.

ढगात गणित कुठून आलं?

भावाला हे पटवायचं तर त्याच्याच घरामागचं उदाहरण हवं होतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून घाट उतरून वाईत आलात, की आकडा हजाराच्याही आत येतो. मधलं अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. हे असं का?

भूगोलाच्या पुस्तकात उत्तर आहे : वाई पर्जन्यछायेत येते. बरोबरच आहे. पण ते वर्णन झालं. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला धडकून वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि थंड होते. ढग तयार होईपर्यंत ती प्रत्येक किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी थंड होते. मग बाष्पाचं पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते आणि थंड होण्याचा वेग मंदावतो. डोंगर ओलांडून तीच हवा खाली उतरते, पुन्हा तापते आणि ढग विरतात. हा 10 अंशांचा आकडा कुठून येतो, ते थर्मोडायनॅमिक्स सांगतं. हवा किती वेगाने चढेल ते न्यूटनच्या नियमांवरून कळतं. आणि उद्या नेमका किती पाऊस पडेल हे सांगायचं, तर ही सगळी समीकरणं एकदम सोडवावी लागतात.

किती समीकरणं? ढोबळमानाने सात. वाऱ्याच्या तीन दिशांची तीन, वस्तुमानाचं एक, उष्णतेचं एक, बाष्पाचं एक, आणि सातवं आपलं बारावीचं ‘पीव्ही इज इक्वल टू एनआरटी’. फक्त ती एका गणिताच्या तासाला सुटत नाहीत. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात ती हाताने सोडवून पाहिली. सहा तासांच्या अंदाजाला त्याला काही आठवडे लागले आणि उत्तर साफ चुकलं. दाब 145 हेक्टापास्कलने वाढेल, असं त्याचं गणित सांगत होतं. प्रत्यक्षात तो जवळजवळ होता तिथेच होता. तरीही 1922 मध्ये त्याने आपलं हे चुकलेलं उत्तर पुस्तकात छापलं. आजचे कम्प्युटर त्याच पद्धतीच्या सुधारित रूपावर चालतात. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, म्हणजे आयआयटीएम आहे. तिथे तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे 2025 पासून वापरात आली. तिच्यात आधीच्या 12 किलोमीटरच्या चौकटी 6 किलोमीटरच्या झाल्या. ‘तुरळक’ हळूहळू खळ्याच्या जवळ सरकतंय ते असं.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे मॅथ्स सुटत नाही.’

नाही सुटत.

मग मेजर नेमकं कोणतं?

वेगवेगळ्या संस्थांचे सिलॅबस आणि प्रवेशाच्या अटी वाचून मला समजलेलं चित्र असं आहे.

फिजिक्स मेजर, मॅथ्स मायनर : सगळ्यात सरळ रस्ता. थर्मोडायनॅमिक्स, मेकॅनिक्स, रेडिएशन हे हवामानाचे पायाचे विषय इथे आपोआप होतात. एम.एस्सी.च्या पात्रतेत हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसते.

मॅथ्स मेजर, फिजिक्स मायनर : हाही तितकाच भक्कम. मॉडेलिंगमध्ये जायचं असेल तर थोडा वरचढच. फक्त फिजिक्स पूर्ण टाकू नका.

केमिस्ट्री : प्रदूषण, ओझोन, हवेतले सूक्ष्म कण यांत रस असेल तर उत्तम. पण सोबत मॅथ्स आणि फिजिक्स ठेवा.

जिऑग्राफी आणि एन्व्हायर्नमेंटल सायन्स : हे कमी दर्जाचे विषय अजिबात नाहीत. पूर कुठल्या वस्तीत शिरेल, दुष्काळात कोण आधी भरडलं जाईल, नकाशावर हे कसं मांडायचं, याचं शिक्षण इथेच मिळतं. हवामानाचे परिणाम अभ्यासायचे असतील तर हीच योग्य जागा. पण ढग का बनतो, तो उद्या कुठे जाईल, हे समीकरणांनी सोडवायचं असेल तर एकट्या या पदवीवर भागत नाही.

बी.एस्सी. ॲग्री : शेती आणि हवामान यांच्यामधला पूल. कृषी विद्यापीठांत कृषी हवामानशास्त्रात एम.एस्सी. करता येतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी निघणारी कृषी हवामान सल्ला पत्रिका हे याच विषयाचं काम. म्हणजे काका अगदीच चुकीचं बोलत नव्हते. फक्त हा रस्ता पिकाकडे जातो, ढगाकडे नाही.

बी.एस्सी. कम्प्युटर सायन्स : कोडिंग येईल, स्टॅट्स येईल. पण आपल्याकडच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत त्यात फिजिक्स नसतं. हवामानात एम.एस्सी. करायचं डोक्यात असेल तर प्रवेश घेण्याआधीच हे तपासा.

इंजिनीअरिंग : मेकॅनिकल, सिव्हिल, काहीही. फ्लुइड मेकॅनिक्स शिकलेलं असतं, त्यामुळे ‘गेट’ देऊन एम.टेक.ला येता येतं. गेटच्या एक्सई या पेपरमध्ये ‘ॲटमॉस्फेरिक अँड ओशनिक सायन्सेस’ हा विभाग निवडता येतो. सक्तीचा विभाग कोणता? इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्स. पुन्हा तेच!

हवामानाचं शिक्षण न घेता आलेले

या क्षेत्रात मोठी झालेली बरीच माणसं दुसऱ्याच विषयातून आलीयत. गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचा गणिती. 1904 मध्ये भारतीय हवामान विभागाचा प्रमुख झाला तेव्हा त्याचं हवामानाचं शिक्षण झालेलं नव्हतं. मान्सूनचा आधीच अंदाज बांधता यावा म्हणून त्याने जगभरच्या नोंदींची आकडेमोड केली आणि त्यातून ‘सदर्न ऑसिलेशन’ सापडलं. आज एल निनोच्या बातम्या आपण वाचतो त्या याच धाग्यावर. पॉल क्रुट्झन शिकला होता सिव्हिल इंजिनीअरिंग. स्टॉकहोमच्या हवामानशास्त्र संस्थेत तो प्रोग्रॅमर म्हणून लागला, तेही प्रोग्रॅमिंग येत नसताना. ओझोनवरच्या कामासाठी 1995 चं केमिस्ट्रीचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतला तो एक.

आणि अण्णा मणी. 1939 मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून फिजिक्स आणि केमिस्ट्रीची ऑनर्स पदवी. मग बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर संशोधन. पीएच.डी.चा प्रबंध तयार होता, पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पदवी नाकारली. लंडनला गेल्या फिजिक्ससाठी, पण संधी मिळाली हवामानाची उपकरणं शिकण्याची. 1948 मध्ये परत येऊन त्या हवामान विभागाच्या पुण्याच्या कार्यालयात रुजू झाल्या आणि वारा, ऊन, पाऊस मोजणारी उपकरणं देशातच बनवण्याचं काम उभं केलं. 1976 मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. शिमला ऑफिस चौकातून आपण रोज पीएमटीने जातो ना, त्या चौकाला ज्या कार्यालयाचं नाव आहे, तेच हे.

त्यांच्या गोष्टीत आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. फिजिक्स पक्कं असेल तर हवामानाकडे वळता येतं. आणि कागदावरची एक अट वेळेत वाचली नाही, तर तयार प्रबंधही अडतो. आज चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे थेट पीएच.डी.साठी पात्र ठरता येतं. परदेशात जायचं तरी बऱ्याच विद्यापीठांना चार वर्षांची पदवी लागते. त्यामुळे तीन वर्षांवर थांबायचं की चौथं करायचं, हे ठरवायच्या आधी जिथे जायचंय तिथलं त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

पदवीच्या वर्षांत काय करून ठेवायचं?

मेजर ठरलं की काम झालं, असं नाही. कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनिअर अल्जिब्रा आणि स्टॅटिस्टिक्स हे चार घटक कुठल्याही मार्गाने पूर्ण करा. मेजरमध्ये बसत नसतील तर मायनर आहे, इलेक्टिव्ह आहे. फ्लुइड मेकॅनिक्स मिळालं तर सोडू नका. पायथन शिका. पुढे मॉडेलमध्ये शिरलात की फोरट्रान भेटेल. जुनी भाषा आहे, पण हवामानाची कितीतरी मॉडेल्स आजही तिच्यातच लिहिलेली आहेत.

आणि सरावाला खरा डेटा घ्या, तो फुकट आहे. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या वेबसाइटवर 1901 पासूनचा भारताचा रोजचा पाऊस चौकटींच्या रूपात मिळतो. एक चौकट पाव अंशाची, म्हणजे सव्वीस-सत्तावीस किलोमीटर रुंदीची. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जेमतेम एका चौकटीचं अंतर पडतं. घाटातला एवढा मोठा फरक इतक्या ढोबळ चौकटीत कसा दिसतो, हाच एक मस्त प्रोजेक्ट आहे. भावाला मी तो सुचवलाय.

पुढे कुठे?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. कोचीनच्या ‘कुसॅट’मध्ये एम.एस्सी. मेटिऑरॉलॉजी, विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात मेटिऑरॉलॉजी आणि ओशनोग्राफीचा विभाग. आयआयटी दिल्ली, आयआयटी भुवनेश्वर आणि बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये वातावरण-महासागर विज्ञानाची केंद्रं आहेत. पीएच.डी.च्या फेलोशिपसाठी सीएसआयआर नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह विज्ञानाचा वेगळा पेपर असतो. सरकारी जागा मोजक्याच निघतात, हे आधीच लक्षात घ्या. पण पवन आणि सौरऊर्जा, पीकविमा, विमानवाहतूक यांनाही अंदाज लागतातच.

सोमवार

रविवारी रात्री त्याचा पुन्हा फोन आला. जिऑग्राफीत त्याला सगळ्यात जास्त मार्क आहेत, त्यामुळे तो विषय सोडताना जीवावर आलं होतं. ‘आणि फिजिक्स-मॅथ्स घेऊन नापास झालो तर?’

मी खोटा धीर दिला नाही. 23 मार्क म्हणजे 23 मार्क. पण ते वाढवायला अजून वेळ आहे. सोडलेला विषय मात्र परत मिळवताना किती त्रास होतो, ते मला माहितीये.

सोमवारी दुपारी फॉर्मचा फोटो आला. मेजर : फिजिक्स. मायनर : मॅथमॅटिक्स. खाली मेसेज : ‘काकांना सांगू नकोस, म्हणजे माझ्या पप्पांना. त्यांना वाटतंय मी पुढच्या मार्चपासून अंदाज सांगणार.’

त्याच संध्याकाळी ऑफिसमधून निघून अप्पा बळवंत चौकात गेले आणि अकरावीचं मॅथ्सचं पुस्तक घेतलं, सेकंडहँड. आधीच्या मालकाने सुरुवातीची वीस-पंचवीस पानं अधोरेखित केलीयत, पुढचं सगळं कोरं आहे. नोकरीच्या त्या अटीसाठी मला याचा आता काही उपयोग नाही. पण रोजच्या चौकटीत मी जे लिहिते, ते निदान कळावं असं वाटतं. दर रविवारी रात्री नऊला आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर बसायचं ठरवलंय. पहिल्या रविवारी लिमिट्सची सहा गणितं घेतली. त्याची चार बरोबर आली. माझं एक.